सर्व्हेचा डेटा पायथॉनमध्ये चालवताय? या चुका टाळा

एरर आली तर उलट बरं असतं, लाल अक्षरं दिसली की माणूस थांबतो आणि शोधतो. खरा घात होतो कोड सुरळीत रन होऊन आकडा चुकतो तेव्हा, कारण तो सरळ रिपोर्टमध्ये जातो आणि त्यावरून लोकांबद्दल निष्कर्ष काढले जातात.

सगळ्यात जास्त घोळ जिल्ह्यांच्या नावांचा. देशभराच्या दोन फाइली नुसत्या जिल्ह्याच्या नावावर मर्ज करू नका (म्हणजे जोडू नका), जुन्या फाइलींत आपलं छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद नावाने आहे आणि औरंगाबाद बिहारमध्येही आहे, बिलासपूर हिमाचलात आणि छत्तीसगडमध्येही, मग ओळी वाढतात आणि पांडाज (पायथॉनमधली टेबलं हाताळायची लायब्ररी) गप्प बसतं. राज्य आणि जिल्हा दोन्हीचे जनगणना कोड वापरा, आणि फाइल वाचतानाच ते कॉलम स्ट्रिंग (आकडा नव्हे, मजकूर) म्हणून घ्या, नाहीतर 01 चा 1 होतो आणि काहीच जुळत नाही. पण कोडनेही सगळं सुटत नाही बरं का. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचे 35 जिल्हे होते, पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या-नव्या फाइली जोडताना पालघर परत ठाण्यात मिळवावा लागतो, आणि टक्केवारी असेल तर नुसती सरासरी चालत नाही, लोकसंख्येचं वजन द्यावं लागतं. मर्ज करताना व्हॅलिडेट आणि इंडिकेटर हे पर्याय वापराच, व्हॅलिडेट दुबार कोड पकडतं, आणि हाऊ आउटर ठेवलं की इंडिकेटरमुळे कुठल्या ओळी जुळल्या नाहीत ते लगेच दिसतं.

एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) फाइलीत बीएमआय 2150 दिसला तर तो 21.50 असतो, आणि 9998 म्हणजे माप संशयास्पद आहे असा शेरा. हे न काढता मीन (सरासरी) घेतली की सगळी सरासरी फुगते. कोडबुक, म्हणजे कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी यादी, आधी वाचा, प्लीज!

वेट, म्हणजे प्रत्येक नोंदीला दिलेलं वजन, विसरू नका. 2011 मध्ये पुणे जिल्हा 94 लाखांचा आणि गडचिरोली 11 लाखांच्या आत, पण प्रत्येक जिल्ह्याचा अंदाज हवा म्हणून छोट्या जिल्ह्यातून लोकसंख्येच्या मानाने जास्त घरं घेतली जातात, मग वेट न लावता काढलेला राज्याचा आकडा चुकतोच. एनएफएचएसमध्ये हे वेट व्ही005 या कॉलममध्ये असतं, त्याला 10 लाखांनी भागा आणि लावा.

अजून एक, गट पाडून आकडे काढणारं पांडाजचं ग्रुपबाय, गटाचा कॉलम रिकामा असलेल्या नोंदी आपोआप टाकून देतं. ज्यांनी जात किंवा उत्पन्न सांगितलं नाही ती माणसं टेबलातून गायबच होतात, आणि न सांगणं हीसुद्धा माहिती असते, म्हणून ग्रुपबायमध्ये ड्रॉपएनए हा पर्याय फॉल्स ठेवा.

पायथॉनमधून सेव्ह केलेली सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांचा कचरा दिसला तर सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8-सिग द्या, काम होतं.