हेन्शेल-वेगमान सेट घेताय? आधी डबे उलटे करून बघा

स्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना इथे आल्यावर मॉडेल रेल्वेचा नाद लागतो, गोपिंगेन म्हणजे मेर्क्लिन या मॉडेल रेल्वे बनवणाऱ्या कंपनीचं गाव इतकं जवळ आहे की तो लागणारच. मग हळूहळू सगळ्यांची नजर एका गाडीवर जाते, जांभळी आणि क्रीम, नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, चाकंसुद्धा झाकलेली. हीच ती हेन्शेल-वेगमान. माझ्याकडे तिचा एच-झिरो (म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान) सेट आहे, तो घेताना आणि सांभाळताना जे कळलं ते सांगतो.

आधी खरी गाडी समजून घ्या, त्याशिवाय सेट पारखता येत नाही. 1933 ला बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर डिझेलची फ्लीगेंडर हॅम्बुर्गर सुरू झाली आणि वाफेचं आता काय होणार असं वाटायला लागलं. तेव्हा कासेलच्या दोन कंपन्यांनी मिळून उत्तर दिलं, इंजिन हेन्शेलचं, डबे वेगमानचे. 1936 पासून ही चार डब्यांची गाडी बर्लिनच्या आनहाल्टर स्टेशनवरून ड्रेस्डेनला जायची, सुमारे 175 किमी अंतर, वेळ 100 मिनिटांच्या आसपास. युद्धानंतर कित्येक दशकं त्या मार्गावर एवढी वेगवान गाडी नव्हती. 1939 ला युद्ध सुरू झालं आणि गाडी बंद पडली ती कायमचीच. इंजिन 61 001 चं 1957 साली भंगार झालं. म्हणजे आज ही पूर्ण गाडी जगात कुठेही उभी नाही, ती बघायची तर मॉडेलमध्येच. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं, सेट फोडू नका. इंजिन एकाकडून, डबे दुसऱ्याकडून असा प्रकार शक्यतो टाळा, जांभळ्याची छटा जुळत नाही आणि मग ते आयुष्यभर डोळ्यात खुपतं.

तीन गोष्टींवर नवीन माणूस हमखास फसतो. एक, टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा वेगळा डबा. हे टँक इंजिन आहे, कोळसा-पाणी स्वतःवरच वाहतं, त्यामुळे खोक्यात टेंडर नाही म्हणून सेट अपुरा समजू नका. दोन, 61 001 आणि 61 002 ही वेगळी इंजिनं. इंजिन उलटं करून मोठ्या चाकांच्या मागे छोट्या चाकांचा जो गाडा (बोगी) असतो त्यात दोन अ‍ॅक्सल आहेत की तीन ते मोजा, दोन म्हणजे 001, तीन म्हणजे 002. (या 002 ची गोष्ट फार सुंदर आहे, 1961 ला पूर्व जर्मनीत तिच्यापासून 18 201 बनवलं, तीच 2300 मिमीची चाकं घेऊन, आणि ते इंजिन अजून आहे!) तीन, निळे डबे. मूळ डबे 1950 च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या ब्लाउअर एन्त्सियान गाडीला निळ्या रंगात लावले होते, त्यामुळे निळे डबे दिसले तर ते खोटे नाहीत पण या इंजिनामागे शोभत नाहीत, काळ वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, करंट. मेर्क्लिनची पद्धत तीन रुळांची, म्हणजे मधे करंट देणारे बारीक ठिपके असतात आणि इंजिनाच्या पोटाखाली तो करंट घेणारा लांबट धातूचा स्लायडर असतो. बाकी जवळपास सगळ्या कंपन्यांची दोन रुळांची, आताच्या ट्रिक्सची पण. इंजिनाला स्लायडर आहे की नाही ते लगेच दिसतं पण डब्यांचं कुणी बघत नाही. मी माझे डबे वेगळे घेतले होते एका जुन्या बाजारात, विकणाऱ्याने दोन रुळांचे म्हणून दिले आणि घरी आणून ट्रॅकवर ठेवले तर कंट्रोलर सारखा ट्रिप होतोय, दोन तास मी वायरिंग तपासत बसलो आणि शेवटी निघालं काय तर चारही डब्यांच्या चाकांना इन्सुलेशनच नाही, दोन रुळांना सरळ शॉर्ट. म्हणून खिशात छोटा मल्टीमीटर ठेवा. डबा उलटा करा, एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकाला टोकं लावा, बीप वाजला तर तो तीन रुळांचा डबा. चाकं बदलता येतात, पण तो खर्च भावात धरा.

मग स्कर्ट तपासा, म्हणजे चाकांवरची झालर. या गाडीचं सौंदर्यही तिथेच आणि मोडतोडही तिथेच. कोपऱ्यांवर बारीक तडे, गोंदाचे डाग, आत तुटलेल्या क्लिपा असं सगळं टॉर्च मारून बघायचं. रंग उडालाय का ते कळायला झालरीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू शेजारी धरून बघा, जांभळा उन्हात फिकट होतो. जुना खोका असेल तर आतला स्पंज दाबा, तो चिकट किंवा भुसभुशीत झाला असेल तर गाडी त्यात परत ठेवू नका, रंगाला चिकटतो आणि निघत नाही.

वर्षानुवर्षं खोक्यात पडलेलं इंजिन लगेच फुल स्पीडला पळवू नका. ग्रीस घट्ट झालेलं असतं. आधी झाकण काढून (मॅन्युअलमधलं चित्र बघूनच, अंदाजाने ओढलं की झालर गेली) जुनं ग्रीस पुसून घ्या, अ‍ॅक्सलला सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल, मोटरच्या कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागावर) अजिबात नको. चाकावरची रबराची रिंग कडक झाली असेल तर बदला, नाहीतर इंजिन चार डब्यांना घेऊन जागच्या जागी फिरतं. मग अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने.

रिंगण जितकं मोठं तितकं बरं. 360 मिमी त्रिज्येच्या वळणावर गाडी कदाचित जाईल पण डबे इतके बाहेर झुकतात की त्या एकसंध रेषेचा सगळा अर्थ जातो, निदान 515 मिमीचं वळण द्या. एका वळणाला लागून लगेच उलटं वळण नको, मधे एक सरळ तुकडा टाका, झालरीमुळे बोगीला फिरायला जागा कमी असते. आणि गाडी उचलताना झालरीला धरू नका, छपराच्या बाजूंनी दोन हातांनी.

वेगाचं गणित सोपं आहे. खऱ्या गाडीच्या ताशी 160 किमी वेगाला 87 ने भागलं की साधारण अर्धा मीटर दर सेकंदाला, म्हणजे एक मीटरच्या सरळ तुकड्याला 2 सेकंद. फोनच्या स्टॉपवॉचने मोजा, कमी वेळ लागत असेल तर डीसीसी डिकोडरमध्ये (इंजिनातल्या डिजिटल कंट्रोलच्या चिपमध्ये) सीव्ही 5 म्हणजे कमाल वेगाचं सेटिंग कमी करा आणि सीव्ही 3 म्हणजे वेग घ्यायला लागणाऱ्या वेळाचं सेटिंग थोडं वाढवा, मग ती स्टेशनवरून एकदम उसळत नाही, जड गाडीसारखी हळूहळू वेग घेते. हे बघायला फार छान वाटतं, खरंच.

सेट भारतात नेणार असाल तर वीज सारखीच, 230 व्होल्ट 50 हर्ट्झ, फक्त प्लगचा अ‍ॅडॉप्टर लागतो. पण जुना पत्र्याचा ट्रान्सफॉर्मर नेऊ नका, त्याच्या वायरीचं रबर तडकलेलं असतं, नवीन घ्या. खरा प्रश्न दमटपणाचा. मुंबई-कोकणात जुना पत्र्याचा ट्रॅक एका पावसाळ्यात गंजतो. झाकणबंद डब्यात सिलिका जेल घाला, दर दोन महिन्यांनी जेल गरम करून वाळवा. आई कपाटात डांबरगोळ्या ठेवत असेल तर सेट त्या कपाटात नको, त्या वासाने प्लास्टिक मऊ पडतं. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सुती फडक्याने पुसा, सँडपेपरने कधीच नाही, ओरखड्यांत घाण आणखी बसते. आणि कुठल्या खाचेत कुठला डबा ते लिहून खोक्याच्या झाकणाच्या आत चिकटवा, गोल शेपटीचा डबा चुकीच्या खाचेत दाबला की तिथलीच झालर सगळ्यात आधी तुटते.