पाच माणसं आणि त्यांचेच मोबाईल: आपली वेबसाइट लोकांना वापरता येते का, ते असं तपासा

नवी वेबसाइट झाली की मालक ती घरच्यांना दाखवतो आणि विचारतो, 'कशी वाटली?' उत्तर ठरलेलं: 'मस्त! फक्त वरचा हिरवा जरा भडक आहे.' रंगाबद्दल चार मतं मिळतात, पण गिऱ्हाईक ऑर्डर अर्धवट टाकून का निघून जातं, याचा पत्ता लागत नाही. तो लागतो कुणी साइट वापरत असताना शेजारी बसून बघितलं की. यालाच यूजेबिलिटी टेस्ट म्हणतात. सुट्टीची एक दुपार, दोन खुर्च्या आणि चहा एवढ्यात ती उरकते.

उदाहरणाला देवगडहून हापूस घरपोच पाठवणारी एखादी साइट धरू.

१. काम ठरवा

'जरा बघून सांगा' म्हटलं की माणूस नुसता वरखाली स्क्रोल करतो. त्याला खरं काम द्या: 'पुण्याच्या आत्याकडे दोन डझन आंबे पाठवायचेत. अक्षय्य तृतीयेच्या आत पोचतील का बघा आणि पैसे भरायच्या पानापर्यंत जा.' अशी तीन कामं पुष्कळ झाली. एक पथ्य मात्र पाळा. बटणावर 'पेटी बुक करा' असेल, तर काम सांगताना तेच शब्द वापरू नका. नाहीतर समोरचा फक्त शब्द जुळवतो आणि ते बटण आपलं आपण सापडतं का, हे कळायचं राहूनच जातं.

२. माणसं जमवा

पाच पुरतात. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉर या यूजेबिलिटीच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. पुढच्यांकडून त्याच त्या अडचणी पुन्हा दिसू लागतात आणि पाचव्यापर्यंत सुमारे ८५ टक्के हाती आलेल्या असतात. ही सरासरी त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांची. तुमच्या साइटला ती तंतोतंत लागू पडेल असं समजू नका. नील्सन यांनी त्यावरून दिलेला सल्ला जास्त कामाचा आहे: पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करा.

साइट बनवणारे आणि आंब्याच्या धंद्यातले वगळा. साठीच्या पुढचं एक जण, स्वस्तातला अँड्रॉइड वापरणारं एक आणि ऑनलाइन पैसे भरायला बिचकणारं एक तरी हवंच. पाचही जण तिशीतले आयटीवाले असतील तर पाचाचा हिशेब फुकट.

३. त्यांचाच मोबाईल वापरू द्या

तुमच्या लॅपटॉपवर साइट सुरेखच दिसणार. काकूंच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात, ब्राइटनेस कमी असतो, कीबोर्ड मराठीत असतो. खरी गंमत तिथे दिसते.

सुरुवातीलाच सांगा, 'परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा.' बोलत बोलत काम करून घेण्याची ही पद्धत आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये या क्षेत्रात आणली आणि अजून तिच्याइतकं सोपं हत्यार दुसरं नाही. स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल तर आधी विचारा. पैसे भरायच्या पानावर थांबा. कुणाचा ओटीपी किंवा बँकेचा तपशील रेकॉर्डिंगमध्ये येता कामा नये.

४. गप्प बसा

हे सगळ्यात अवघड, कारण घरी आलेल्या माणसाला अडलेलं बघून हातावर हात ठेवून बसणं आपल्या रक्तात नाही. पण 'इथे दाबू का?' या प्रश्नाला 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच उत्तर द्यायचं.

समजा, काकू पत्ता भरताहेत. मराठी कीबोर्डवरून त्यांनी पिनकोड टाकला: ४११०३०. खाली लाल अक्षरांत आलं, 'अवैध पिनकोड'. त्यांनी आकडे तपासले, पुसले, पुन्हा तेच टाकले. पुन्हा लाल. मग त्या म्हणतात, 'मला मेलीला यातलं काही कळत नाही.' तुमच्या वहीत हेच वाक्य आहे तसं उतरवा. काकूंचा पिनकोड बरोबर होता; फॉर्मला फक्त इंग्रजी आकडे चालत होते. दुरुस्ती प्रोग्रॅमरच्या दोन ओळींची आहे, पण आपलीच चूक समजून काकू तुम्हाला ही अडचण कधीच कळवणार नाहीत.

५. मराठी अक्षरांकडे वेगळं लक्ष द्या

तयार टेम्प्लेट बहुधा इंग्रजीसाठी बेतलेली असतात. त्यातलं ओळींमधलं अंतर मराठीला कमी पडतं आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो. अक्षरांच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून बघा. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली तर शिरोरेषा तुटते. तो मोह नकोच. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. आणि सर्चच्या चौकटीत 'आंबा', 'आंबे' आणि रोमन लिपीतला हापूस, तिन्ही टाकून पाहा. निदान एकाला तरी 'काहीही सापडले नाही' असं उत्तर मिळण्याची शक्यता दांडगी आहे.

दोन मापं लक्षात ठेवा. पार्श्वभूमी आणि साधा मजकूर यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा, हा वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषाचा दंडक. फिकट करड्या अक्षरांची फॅशन इथेच मार खाते. बोटानं दाबायची जागा अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे साधारण नऊ मिलिमीटरची हवी.

६. त्याच संध्याकाळी यादी करा

दुसऱ्या दिवशी आठवण पातळ होते. कोण कुठे अडलं, ते लिहा. ज्या अडचणीमुळे काम पुरंच झालं नाही ती सगळ्यात वर, ज्यानं नुसता वैताग आला ती खाली. पाचांपैकी एकच जण अडला, पण कायमचा अडला, तर तेही वरच. 'फोटो मोठे हवेत' छापाच्या सूचना वेगळ्या पानावर टाका. त्यांची घाई नाही.

वरच्या तीन अडचणी आधी सोडवा, तेही कमीत कमी बदलात. एखाद्या बटणाची जागा हलवून भागत असेल तर अख्ख्या पानाची मोडतोड करू नका. डिझायनर नवं डिझाइन सुचवेलच. त्याला ही यादी दाखवा आणि त्यातलं काय सुटणार, ते विचारा.

दुसऱ्या फेरीला नवी माणसं घ्या, कारण पहिल्या पाचांना आता वाटा पाठ झालेल्या असतात. कामं मात्र तीच ठेवा आणि बदललेल्या जागांवर बारीक नजर असू द्या. पिनकोडचा फॉर्म सुधारताना मोबाईल नंबरचा बिघडला, असं सर्रास होतं.