बॅकवॉटरवरच्या होडी-मासेमारीच्या सहलीचा शेवटचा दिवस कसा आवरायचा

जायच्या दिवसाची तयारी सगळेच करतात, परतायच्या दिवसाची कोणीच करत नाही, आणि खरी दमछाक त्याच दिवशी होते भो. मी हे जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणामागच्या पाण्याबद्दल लिहितोय, चांगदेवला तापी-पूर्णा मिळतात तिथून खाली धरणापर्यंतचा जो मोठा पसारा आहे त्याबद्दल, पण गिरणा किंवा वाघूर धरणालाही बहुतेक हेच लागू पडेल. पावसाळ्यात इकडे होडी घेऊन यायचंच नाही, ४१ दरवाजांचं धरण आहे, तेव्हा ते दरवाजे उघडतात, हे सगळं हिवाळ्याचं चाललंय.

पहिली गोष्ट म्हणजे पाण्यातून बाहेर यायची वेळ आदल्या रात्री जेवतानाच सगळ्यांसमोर ठरवून टाका, दहा म्हणजे दहा. सकाळी पाणी काचेसारखं असतं म्हणून पोरं "अजून एक चक्कर" म्हणतात आणि मग उन्हं चढली की वारं सुटतं, उघड्या पाण्यात लाटा समोरून येतात आणि दमलेल्या हातांनी वल्हं मारून होडी जागची हलत नाही. म्हणून शेवटची चक्कर पहाटे, काठाकाठाने, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, आजोबांच्या सुद्धा, पोहता येतं म्हणाले तरी. चक्रवाक आणि तलवार बदकांचे थवे बसलेले दिसले तर लांबूनच बघा, फोटोसाठी होडी आत घुसवू नका, हजारो किलोमीटर उडून आलेली पाखरं आहेत ती.

होडी रात्री नुसती काठाला बांधून झोपू नका, चांगली वर ओढून ठेवा. आणि सकाळी ती पाण्यात घालायच्या आधी काठ बघा. धरणातून पाणी सोडलेलं असलं तर रात्रीत पाणी मागे सरकतं, आणि हा काठ इतका सपाट की वीतभर पाणी उतरलं तरी मधे चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात पाय घातला की गुडघ्यापर्यंत जातो, लहान पोरांना तर आधी अजिबात उतरू देऊ नका. गाडीचंही तेच, काळ्या मातीत दव पडलेल्या सकाळी चाकं नुसती फिरत राहतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच गाडी मुरमाच्या रस्त्यावर नेऊन लावलेली बरी.

आता मासे, यातच लोक जास्त घाण करतात. घरी न्यायचे मासे शेवटच्या सकाळचेच ठेवा, आधीचे तिथेच खाऊन संपवा. छोटे निघाले तर हात ओले करून गळ काढा आणि सोडून द्या. शिंगाळा माशाचे काटे बघून, छातीकडचे दोन आणि पाठीवरचा एक, टोचला तर दिवसभर ठणकतो, पक्कडीनेच गळ काढायचा. रोहू, कटला काय असेल तो मेल्याबरोबर कल्ले आणि पोटातलं काढून टाका कारण सडायला सुरुवात तिथूनच होते, खवले घरी काढले तरी चालतात. एक किलो माशाला एक किलो बर्फ हा हिशोब, आणि शेवटच्या दिवसापर्यंत डब्यातला जुना बर्फ उरलेलाच नसतो, म्हणून कोणीतरी मामा-काका आदल्या संध्याकाळी बाइकवर मुक्ताईनगर किंवा भुसावळला जाऊन बर्फ आणून ठेवेल असं बघा. थर्माकोलच्या डब्यात खाली बर्फ, त्यावर केळीचं पान, मग मासे पोट खाली करून, परत बर्फ. केळीचं पान शेतवाल्या दादांना विचारून घ्या, नाही कोणी म्हणत नाही. डब्याला खाली भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा पडून राहिला की लिबलिबीत होतो.

आतडी-कल्ले पाण्यात फेकू नका, तेच पाणी खालच्या गावांना जातं. लांब खड्डा खोदून पुरा, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल.

चूल शेवटची पेटवायची ती भरताच्या वांग्यासाठी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आदल्या रात्रीची चालते. खाऊन झालं की निखाऱ्यांवर माती लोटून निघू नका, आत धग राहते, पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, हाताला गार लागेपर्यंत.

मग सगळ्यांनी रांगेत काठ वेचायचा. प्लास्टिक तर आहेच पण मुख्य म्हणजे तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, त्याचा तुटलेला तुकडा दिसत नाही आणि पाखरांच्या पायात अडकतो. हे काम पोरांना द्या, त्यांची नजर बारीक असते आणि मन लावून करतात.

निघताना तिथल्या मच्छीमार भाऊंना सांगून निघा, येताना त्यांच्या मच्छीमार सोसायटीशी बोलून आला असालच, नाहीतर तुमची होडी दिसली नाही म्हणून ते बिचारे शोधत बसतील. घरी पोचलात की मासे आधी फ्रीजमध्ये, आणि होडी तशीच घडी घालून माळ्यावर टाकू नका, जलपर्णीचा एखादा तुकडा चिकटलेला असेल तर काढून वाळवून टाका, तो दुसऱ्या तलावात गेला तर तिथंही पसरते. लाइफ जॅकेट मात्र सावलीत वाळवा, उन्हाने कापड जातं.