दोन सिनेमांच्या तुलनेवर व्हिडिओ एसे करताय? मग या चुका टाळा

व्हिडिओ एसेचा, म्हणजे सिनेमाच्या क्लिपा दाखवत आपल्या आवाजात एखादा मुद्दा मांडायच्या व्हिडिओचा, प्रोजेक्ट मिळाला की पोरं सगळ्यात आधी मोबाईलवर एडिटिंगचं अ‍ॅप उघडतात, क्लिपा गोळा करायला लागतात, मागे म्युझिक कुठलं लावायचं यावर ग्रुपवर मेसेजवर मेसेज पडतात, आणि स्क्रिप्ट मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री लिहिली जाते. मी इकडे रत्नागिरीत मास मीडियाच्या आणि मराठी घेतलेल्या पोरापोरींच्या अशा स्क्रिप्टा वाचून देतो, चिपळूण-कणकवलीकडूनही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि बहुतेक वेळा एडिटिंगमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, बिघडलेलं असतं ते स्क्रिप्टच्या पहिल्याच पानावर. तेच तेच परत परत सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितोय. उदाहरणाला 'श्वास' (२००४) आणि 'किल्ला' (२०१५) घेतो कारण ही जोडी आपल्याकडची पोरं खूप निवडतात, दोन्हीत कोकण आहे, दोन्हीत लहान मुलगा आहे.

सगळ्यात मोठी चूक: साम्य आणि फरक यांची यादी

वर मी जे लिहिलं ना, दोन्हीत कोकण, दोन्हीत लहान मुलगा, तिथेच बरेच जण थांबतात आणि त्याचीच स्क्रिप्ट करतात. दोन्हीत अमृता सुभाष आहेत, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, एकात हॉस्पिटल आहे तर दुसऱ्यात किल्ला आहे. सगळं खरं आहे. पण बघणाऱ्याने विचारलं की बरं मग पुढे काय, तर तुमच्याकडे उत्तर नसतं. अमृता सुभाष 'श्वास'मध्ये हॉस्पिटलच्या समाजसेविका आहेत आणि 'किल्ला'मध्ये आई, ही माहिती म्हणून छान आहे पण तो मुद्दा होत नाही, कारण त्यातून दोन सिनेमांबद्दल नवीन काही कळत नाही.

मुद्दा कसा सापडतो ते बघा. 'श्वास'मध्ये आजोबा नातवाला, परशाला, घेऊन कोकणातून शहरात जातात, त्याच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. 'किल्ला'मध्ये वडील गेल्यावर आईची बदली होते म्हणून चिन्मय पुण्याहून कोकणात येतो. म्हणजे एक पोर कोकणातून बाहेर जातंय आणि दुसरं कोकणात येतंय, दोघांचाही प्रवास त्यांनी स्वतः ठरवलेला नाही. आता इथून प्रश्न विचारा: नव्या जागी या मुलांसोबत कोण असतं, आणि कॅमेरा ते कसं दाखवतो? झाला की प्रश्न तयार. आता सिनेमा परत बघाल तेव्हा नुसतं 'निसर्ग सुंदर आहे' दिसणार नाही, परशाच्या शेजारी फ्रेममध्ये आजोबा कधी असतात आणि कधी नसतात हे दिसायला लागेल, चिन्मय एकटा कुठे कुठे आहे हे दिसायला लागेल. 'किल्ला'मधला तो सीन आठवा, पोरं सायकली घेऊन किल्ल्यावर जातात, पाऊस सुरू होतो आणि मित्र चिन्मयला आत सोडून निघून जातात. आणि त्याच्यासमोर 'श्वास'मधला तो दिवस ठेवा, ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा कोणाला न सांगता परशाला घेऊन हॉस्पिटलमधून बाहेर पडतात, का तर दृष्टी जायच्या आधी त्याला जग दाखवायचंय. एका मुलाचा हात सुटतो, दुसऱ्याचा हात कोणीतरी घट्ट धरून ठेवतं. या दोनच सीनवर तुमचा अर्धा व्हिडिओ उभा राहू शकतो, खरंच सांगतो, आणि तो यादीवाल्या व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त काही सांगेल.

तुमच्याकडे खरंच प्रश्न आहे की नाही हे तपासायचं असेल तर तो एका वाक्यात लिहा आणि ज्याने यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही अशा घरच्या कोणाला तरी वाचून दाखवा, आईला, काकाला, कोणालाही. "मग उत्तर काय?" असं त्यांनी विचारलं तर जमलंय. नुसतं "बरं" म्हणाले तर परत बसा.

याच चुकीचा दुसरा अवतार म्हणजे 'कुठला भारी?'. 'सैराट' (२०१६) आणि त्याचा हिंदी रिमेक 'धडक' (२०१८) घेतले की हे हमखास होतं, आठ मिनिटं 'सैराट' कसा ग्रेट आणि 'धडक' कसा फसला. मला काय वाटतं ते बाजूला ठेवू, पण निकाल आधीच लागलेला असेल तर बघणारा शेवटपर्यंत का थांबेल? त्यापेक्षा शेवट घ्या. 'सैराट'मध्ये शेवटी आवाजच काढून घेतलेला आहे, लहान पोर रडत बाहेर पडतं आणि रडणं आपल्याला ऐकू येत नाही. 'धडक'मध्ये शेवट बदललाय, तिथे नायिका जिवंत राहते. कोण उरतं ते बदललं की आपण कोणाच्या नजरेने ते बघतो तेही बदलतं, यावर बोला. भारी कोण ते बघणारा ठरवेल.

गोष्ट सांगत बसणं

आठ मिनिटांतली साडेतीन मिनिटं स्टोरीत जातात आणि हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण गोष्ट सांगताना आपण काहीतरी लिहितोय असं वाटत राहतं. नियम साधा ठेवा, प्रत्येक सिनेमाची गोष्ट तीन वाक्यांत, बास. वर मी 'श्वास' एका वाक्यात सांगितलाय आणि तुम्हाला कळलाय. बाकीची गोष्ट जिथे लागेल तिथे, त्या सीनबद्दल बोलताना सांगा. आणि शेवट सांगायला घाबरू नका, हा रिव्ह्यू नाहीये, सुरुवातीला 'शेवट सांगणार आहे' अशी एक ओळ टाकली की झालं.

तसंच पुरस्कारांचं. 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला होता, 'किल्ला'ला २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला होता, अभिमान वाटावा अशाच गोष्टी आहेत पण व्हिडिओची पहिली वीस सेकंदं त्यावर घालवू नका. पहिल्या वीस सेकंदांत सीन दाखवा. हां, मुलांच्या ज्युरीने 'किल्ला' निवडला हे तुमच्या मुद्द्याशी जुळत असेल, म्हणजे सिनेमा मुलाच्या नजरेतून आहे असं तुम्ही म्हणत असाल, तर तिथे ते वाक्य आणा, तिथे ते कामाला येईल.

निबंधाची भाषा

हे मला मनापासून सांगायचंय. पोरं बोलतात इतकं छान आणि स्क्रिप्ट लिहायला घेतली की "सदर चित्रपटात दिग्दर्शकाने निसर्गाचे अप्रतिम चित्रण केलेले आहे" असं काहीतरी सुरू होतं. हे वाक्य मोठ्याने वाचा, मग हे वाचा: "पाऊस सुरू होतो आणि चिन्मयच्या लक्षात येतं की आपल्यासोबत आता कोणीच नाहीये." दुसरं वाक्य ऐकताना डोळ्यांसमोर शॉट येतो, पहिल्या वाक्याखाली कुठलीही क्लिप लावली तरी चालते, आणि ज्या वाक्याखाली कुठलीही क्लिप चालते ते वाक्य काढून टाकायचं.

त्यासाठी स्क्रिप्ट दोन रकान्यांत लिहा. डावीकडे काय दिसणार, सिनेमाचं नाव आणि टाइमकोडसकट (म्हणजे सीन कितव्या मिनिटा-सेकंदाला आहे ते), उजवीकडे तुम्ही काय बोलणार. वहीत लिहा नाहीतर गूगल शीटमध्ये, काही फरक पडत नाही. डावा रकाना जिथे रिकामा राहतो किंवा जिथे तुम्ही 'निसर्गाचे शॉट्स' असं मोघम लिहिता तिथे तुमचा मुद्दा कच्चा आहे असं समजा. आणि टाइमकोड सिनेमा बघतानाच लिहून ठेवा, नाहीतर एडिटिंगच्या वेळी एक सीन शोधायला अख्खा सिनेमा पुढेमागे करत बसावं लागतं.

आवाजाचं पण ऐका. तुमच्या बोलण्यात मालवणी हेल असेल, संगमेश्वरी ठसका असेल तर असू दे. पुण्याच्या न्यूजरीडरसारखं बोलायचा प्रयत्न केला की वाक्यं ताठरतात आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. कोकणातल्या सिनेमावर कोकणातलं पोर बोलतंय, यापेक्षा चांगलं काय असणार.

आधी एक अख्खा, मग दुसरा अख्खा

चार मिनिटं 'श्वास', चार मिनिटं 'किल्ला', आणि शेवटी अर्ध्या मिनिटात तुलना. लेखात हे एक वेळ चालतं कारण वाचणारा मागचं पान उलटून बघू शकतो, व्हिडिओत पाचव्या मिनिटाला पहिल्या मिनिटातला शॉट कोणाला आठवत नाही. मुद्द्यामुद्द्याने जा, एक मुद्दा, त्यात दोन्ही सिनेमे, मग पुढचा मुद्दा. पण दर दहा सेकंदाला इकडून तिकडे उड्या मारल्या तरी बघणारा दमतो, म्हणून एका सिनेमावर निदान पाऊण-एक मिनिट तरी थांबा. मुद्दे तीनच ठेवा. चौथा सुचला तर तिघांतल्या सगळ्यात कमजोर मुद्द्याला काढून त्याच्या जागी बसतोय का ते बघा.

'किल्ला' दिसायला जास्त सुंदर आहे असं म्हणताना एक लक्षात ठेवा, अविनाश अरुण स्वतःच त्याचे दिग्दर्शक आणि छायालेखक आहेत आणि मधे दहाएक वर्षांचं तंत्र बदललंय, तेव्हा सरळ तसं मोजू नका. कॅमेरा काय करतोय ते सांगा.

एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेणाऱ्यांसाठी: ते सिनेमात नसलेले सीन बिनधास्त सांगतं, पात्रांची नावं बदलतं, आणि ते वाचून सगळं खरंच वाटतं. तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहून टाइमकोड लिहिला नसेल असा एकही सीन स्क्रिप्टमध्ये नको.

व्हिडिओ लांबतोय, काय करू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मराठीत नीट, समजेल असं बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात. आठ मिनिटांचा व्हिडिओ असेल आणि त्यातली दोन मिनिटं सिनेमाला स्वतः बोलू द्यायची असतील, आणि ती द्यायचीच, तर तुमच्या वाट्याला सहा मिनिटं, म्हणजे ६५०-७०० शब्द. पोरं १४०० शब्द लिहितात आणि मग एडिटिंगमध्ये आवाज फास्ट करतात, असं करू नका. कापताना आधी गोष्ट कापा, मग विशेषणं, मग 'आपण आता बघूया' टाइपची वाक्यं. तरी जास्त होत असेल तर एक मुद्दा अख्खा काढा. सगळ्यातलं थोडं थोडं छाटलं तर उरतं ते पोकळ होतं.

आणि ज्या सीनवर सगळा मुद्दा टेकलाय तिथे दहा-बारा सेकंद गप्प बसा, मागचं म्युझिकही बंद करा, मूळ सीन मूळ आवाजासकट चालू द्या. बघणाऱ्याला पुरावा मिळाला पाहिजे.

क्लिप आणि कॉपीराइट

ओटीटीवर सिनेमा लावून स्क्रीन रेकॉर्ड केला की बऱ्याचदा काळी स्क्रीन येते, फोन बिघडलेला नाही, ते कॉपी होऊ नये म्हणून केलेलं लॉक आहे. ऑफिशियल ट्रेलर, चॅनेलने स्वतः टाकलेले सीन, विकत घेतलेली डीव्हीडी, आणि नसेलच क्लिप तर एक स्टिल फ्रेम आणि तुमचं नेमकं वर्णन, यावर पण चांगला व्हिडिओ होतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे, पण म्हणून पाच मिनिटांचा सलग सीन लावायचा नाही, क्लिप छोटी हवी आणि तिच्यावर तुम्ही काहीतरी बोलत असायला हवं. यूट्यूबची कंटेंट आयडी सिस्टीम, म्हणजे व्हिडिओत दुसऱ्याचं चित्र-आवाज ओळखणारी, आपोआप चालते, तिला तुमचा उद्देश कळत नाही, त्यामुळे क्लेम, म्हणजे 'हे आमचं आहे' असा मालकाचा दावा, येऊ शकतो, आणि क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवरची कारवाई) नाही, तेव्हा घाबरून सगळं डिलीट करू नका. सगळ्यात जास्त क्लेम गाण्यांवर येतात, मागे सिनेमाचंच गाणं लावणं टाळलं की अर्धा त्रास तिथेच मिटतो.

पावसात रेकॉर्डिंग

आपल्याकडची खास अडचण. जुलैत पत्र्याखाली बसून व्हॉइसओव्हर केला तर पावसाशिवाय काही ऐकू येणार नाही, पडवीत केला तर रातकिडे आणि वारा. चिऱ्याच्या जुन्या घरातलं माजघर सगळ्यात बरं, तिथे गाद्या-गोधड्या रचलेल्या असतील तर अजून बरं, आवाज घुमत नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला, वीतभर लांब, म्हणजे प-फ-ब म्हणताना फटफट येत नाही. बोलायच्या आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा, मधल्या गॅपमध्ये तीच भरता येते. आणि कच्चं रेकॉर्डिंग एडिटिंगच्या आधीच करून ऐका, जे वाक्य बोलताना दोनदा अडखळता ते लिहिण्यातच चुकलेलं असतं.

वेळापत्रक करताना गणपती धरूनच करा. त्या दिवसांत ग्रुपमधलं कोणी सापडत नाही, अर्धे गावी, अर्धे आरतीला, आणि ते तसंच असायला पाहिजे, म्हणून स्क्रिप्ट आणि आवाज गणपतीच्या आधी पूर्ण, एडिटिंग नंतर. लाईट जाणार हे गृहीत धरून प्रोजेक्टची फाईल रोज दुसरीकडे कॉपी करा. शेवटच्या दिवशी घरून अपलोड होईल या भरवशावर तर अजिबात राहू नका, वादळी पावसात रेंज गेली की दीड जीबीची फाईल रात्रभर तशीच अडकते, १०८० ला एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या, दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर एकदा पूर्ण चालवून बघा आणि सर-मॅडमच्या हातात द्या.