किडीने खाल्लेले लिंबूवर्गीय रोप सावरताना

लिंबू, संत्री किंवा मोसंबीच्या लहान झाडाची पाने चंदेरी नागमोडी रेषांनी भरून आकसली, की ती काढून टाकावीत असे वाटते. परंतु नेमके तेच टाळावे. नागअळीने पोखरलेल्या पानाचा जेवढा भाग हिरवा उरतो, तेवढा झाडासाठी अन्न तयार करतच असतो, आणि छाटणी केल्यास झाड पुन्हा कोवळी नवती (नवी पालवी) काढते, जिच्यावर या किडीचा पतंग नव्याने अंडी घालतो. जून झालेल्या पानांना ही अळी सहसा उपद्रव देत नाही. त्यामुळे येणारी नवती धडपणे जून होऊ देणे, हेच खरे काम आहे.

त्यासाठी नवती फुटू लागताच शेंडे आणि पानांची खालची बाजू रोज पाहावी. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी फुलपाखराची अळी हाताने वेचावी, कारण थोड्याशा अळ्याही लहान रोप निष्पर्ण करू शकतात. मावा किंवा सिट्रस सायला (रस शोषणारी बारीक कीड) दिसल्यास 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी व नवती कोवळी असेपर्यंत आठवड्याने पुन्हा फवारणी करावी. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही थांबवावी. चिकट गोड स्रावासाठी मुंग्या माव्याचे रक्षण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात.

पाने गळालेले झाड पाणीही कमी ओढते. अशा वेळी दयेपोटी दिलेले जास्तीचे पाणी मुळे कुजवते, म्हणून वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. नत्राचा मोठा हप्ता नको. कुजलेले शेणखत थोडे थोडे पुरे. उघड्या पडलेल्या खोडाला उन्हापासून जपण्यासाठी चुन्याचा पातळ हात द्यावा, कलमाच्या जोडाखालची फूट काढावी आणि त्या हंगामातील फळे लहान असतानाच खुडावीत.

पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना असमान पिवळे चट्टे दिसले, तर मात्र सायलामुळे पसरणाऱ्या ग्रीनिंग रोगाची शंका घ्यावी. त्यावर उपचार नाही. प्रयोगशाळेत खात्री होताच, कितीही जिवावर आले तरी, ते झाड मुळासकट काढून टाकावे.