चेहऱ्यावरचा भाव रेखाटताना तोंड शेवटी काढा

चेहऱ्यावर भावना दाखवायची म्हटली की शिकाऊ चित्रकाराची पेन्सिल प्रथम ओठांकडे वळते. आनंद असेल तर ओठांचे कोपरे वर, दुःख असेल तर खाली, एवढ्यावर काम भागले असे त्याला वाटते. चित्रात ढोबळ चूक अशी काही दिसतही नाही, पण पात्राच्या मनात काही घडते आहे असे मात्र वाटत नाही. याचे कारण असे की ओठ बोलताना, खाताना आणि शिष्टाचार पाळताना आपण दिवसभर मुद्दाम हलवत असतो, त्यामुळे मनातले लपवायचे झाले तरी माणूस आधी ओठच आवरतो. भुवया आणि पापण्या इतक्या सहजासहजी ताब्यात राहत नाहीत. म्हणून भाव रेखाटताना कपाळाकडून खाली यावे आणि तोंड शेवटी काढावे.

भुवई एकसंध कमान आहे असे समजून काढू नये, कारण तिचे आतले आणि बाहेरचे टोक वेगवेगळे हलू शकते. दुःखात आतली टोके वर उचलली जातात आणि एकमेकांकडे ओढली जातात, त्यामुळे आडव्या आठ्या कपाळभर न पडता फक्त मधोमध पडतात आणि वरच्या पापणीची कड आतल्या बाजूने तिरपी वर चढते. ही हालचाल ठरवून करणे फार थोड्यांना जमते, असे डार्विनने भावाभिव्यक्तीवरील आपल्या 1872 च्या ग्रंथात नोंदवले आहे. आरशासमोर प्रयत्न करून पाहिल्यास त्याचे म्हणणे लगेच पटते. रागात भुवया खाली येऊन जवळ सरकतात, मध्ये उभी रेघ पडते आणि खालची पापणी ताणली जाते. भीती आणि आश्चर्य यांत गल्लत सर्वाधिक होते, कारण दोन्हींत भुवया वर जातात आणि डोळे विस्फारतात. फरक असा की आश्चर्यात भुवईची कमान मोकळी असते आणि जबडा सैल पडतो, तर भीतीत उंचावलेल्या भुवया एकमेकींकडे खेचल्या जाऊन जवळजवळ सरळ होतात, खालची पापणी घट्ट होते आणि ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात.

हसण्याचे तंत्र थोडे अवघड आहे. फ्रेंच वैद्यक ड्यूशेन याने विजेच्या सौम्य झटक्यांनी चेहऱ्याचे स्नायू एकेक करून हलवून पाहिले आणि 1862 मध्ये आपले निष्कर्ष छायाचित्रांसह प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू इच्छेने हलतो, पण डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा साथ देत नाही, असे त्याचे म्हणणे होते. चित्रकाराने यातून एवढेच घ्यावे की हसणारा चेहरा काढताना गाल वर चढवावेत, त्यांच्या दाबाने खालची पापणी किंचित फुगवावी आणि डोळ्याचा आकार अरुंद करावा. केवळ डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या काढून भागत नाही, कारण मोठे खोटे हसतानाही गाल वर जाऊन त्या सुरकुत्या पडतात. भुवई आणि वरची पापणी यांमधली त्वचा किंचित खाली उतरलेली दाखवणे ही अधिक विश्वासार्ह खूण आहे.

चेहऱ्याचा असा सुटा सुटा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. नाट्यशास्त्राच्या उपांगाभिनयावरील, म्हणजे डोळे, भुवया, ओठ अशा चेहऱ्याच्या भागांच्या अभिनयावरील अध्यायात 36 दृष्टी, भुवयांच्या 7 हालचाली, पापण्यांच्या 9, तर नाक, गाल आणि खालचा ओठ यांच्या प्रत्येकी 6 हालचाली सांगितल्या आहेत. या यादीचा उपयोग पाठांतरासाठी न करता मिश्रणासाठी करावा. एका कागदावर वेगवेगळ्या भुवया व डोळे, दुसऱ्यावर वेगवेगळी तोंडे काढावीत आणि जोड्या लावून पाहाव्यात. दुःखी भुवयांखाली हसरे ओठ ठेवले की मनातले दडपू पाहणारा माणूस दिसू लागतो. माझ्या मते चित्रकथेत असा मिश्र चेहराच अधिक लागतो, कारण रोजच्या जगण्यात निखळ राग किंवा निखळ शोक क्वचितच दिसतो.

चित्रपटाचा उपयोग अभ्याससाहित्य म्हणून करताना आवाज पूर्ण बंद करावा, अन्यथा संगीत आणि संवाद जे सांगतात तेच चेहरा सांगतो आहे असा भ्रम होतो. डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या 1928 च्या जोन ऑफ आर्कवरील मूकपटात अभिनेत्री फाल्कोनेत्तीचा चेहरा रंगभूषेशिवाय जवळून टिपलेला आहे, त्यामुळे पापणीचे आणि ओठांचे बारीक कंपनही स्पष्ट दिसते. घरच्या उदाहरणासाठी प्रभातचा 1934 चा ‘अमृतमंथन’ पाहावा. त्यात शांतारामांनी राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला आहे, आणि धाक निर्माण करायला उरलेल्या चेहऱ्याची गरज पडत नाही. एखादा क्लोजअप निवडून तो फ्रेमगणिक पुढे सरकवावा. सेकंदाला 24 फ्रेम्स असल्या तरी रेखाटायला त्यांतली एकच मिळते, आणि नवशिके बहुधा भाव शिगेला पोहोचलेली फ्रेम उचलतात. त्या फ्रेममध्ये सगळे स्नायू एकदम ताणलेले असल्याने स्थिर चित्रात चेहरा वेडावल्यासारखा दिसतो. शिगेच्या किंचित आधीची फ्रेम घ्यावी, जिथे डोळ्यांना कळलेले आहे पण तोंड अजून बदललेले नाही.

प्रत्येक चौकटीत चेहऱ्यानेच सगळे सांगावे असा हट्टही धरू नये. रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हने मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार शॉट सूपची वाटी, शवपेटीतली स्त्री आणि खेळणारी मुलगी यांच्याशेजारी जोडला, तेव्हा प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात प्रत्येक वेळी वेगळे भाव दिसले, असे दिग्दर्शक पुडोव्हकिनने लिहून ठेवले आहे. मागची चौकट पुरेशी बोलकी असेल, तर पुढच्या चौकटीतला चेहरा शांत ठेवल्याने परिणाम वाढतो.

रेषा जितक्या कमी, तितकी त्यांची जागा नेमकी लागते. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन कधी बोलत नाही, त्याचे तोंड बहुतांशी मिशीखाली झाकलेले असते, तरीही चष्म्यावरच्या भुवया आणि उभे राहण्याची ढब यांवरून त्याचा अचंबा कळतो. दाढी, चष्मा किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदर असलेल्या पात्रासाठी हीच पद्धत वापरावी: जो भाग झाकला आहे त्याचे काम मानेच्या झुकावाकडे, खांद्यांकडे आणि नजरेच्या दिशेकडे सोपवावे. बुबुळ पापणीला कुठे टेकते हेही तपासावे, कारण बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसू लागला की शांत चेहराही दचकलेला वाटतो.

चित्र पूर्ण झाल्यावर ते आरशात उलटे पाहावे, मग नखाएवढे लहान करून पाहावे; लहान आकारात भाव हरवत असेल तर बारीक सुरकुत्या वाढवण्याऐवजी भुवईचा कोन बदलावा. त्यानंतर संवादाचे फुगे झाकून ते गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवावे. ‘याला काय वाटते आहे’ असे विचारल्यास एका शब्दात उत्तर मिळते आणि ते फारसे उपयोगी नसते. ‘याच्या क्षणभर आधी काय घडले असेल’ असे विचारावे, आणि उत्तर गोष्टीपासून फार दूर गेले तर फक्त कपाळ ते पापण्या एवढाच भाग खोडून पुन्हा काढावा.