विषमतेवर संशोधन करणाऱ्या नवोदित आफ्रिकी अभ्यासकांना साहाय्य कसे करावे

एखादे विद्यापीठ, न्यास किंवा नियतकालिक लागोस, नैरोबी अथवा दाकार येथील तरुण अभ्यासकांना मदत करायचे ठरवते, तेव्हा रकमेच्याही आधी संशोधनाचा प्रश्न कोण ठरवणार हे निश्चित करावे लागते. विषयांची यादी छापून अर्ज मागवले, तर अर्जदार त्या यादीत बसणारा विषय घेतो आणि नैरोबीतील ‘जुआ काली’, म्हणजे उघड्यावर काम करणाऱ्या असंघटित कारागिरांच्या कमाईतील तफावतीसारखा त्याचा स्वतःचा प्रश्न मागे पडतो. म्हणून सूचनापत्रकात विषयाची चौकट सैल ठेवावी आणि निवड समितीत आफ्रिकी विद्यापीठांत शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे बहुमत असावे. नवी योजना उभारण्याआधी १९७३ पासून दाकारमध्ये काम करणारी ‘कोडेस्रिया’ ही सामाजिक संशोधनाची आफ्रिकी परिषद, १९८८ मध्ये स्थापन झालेले नैरोबीचे ‘आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियम’ आणि जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातील विषमता अभ्यास केंद्र यांच्याशी बोलून घ्यावे. पुष्कळदा त्यांच्या चालू उपक्रमाला हातभार लावणेच अधिक उपयोगी ठरते.

पैसा कशासाठी द्यायचा, याबाबत देणाऱ्यांचा अंदाज बहुधा चुकतो. प्रवास आणि पाहणी यांसाठी अनुदान मिळते. पण माहिती गोळा झाल्यावर लिहिण्यासाठी लागणारे महिने कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतात, आणि आठवड्याचे तास व उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यांत कनिष्ठ अधिव्याख्यात्याचे लेखन अडकून पडते. तेव्हा निदान एका सत्राच्या बदली शिक्षकाचा खर्च अनुदानात धरावा. चलनाचाही विचार व्हावा. जून २०२३ मध्ये नायजेरियाने विनिमय दरावरील नियंत्रण सैल केल्यानंतर वर्षभरात नायराचे डॉलरमधील मूल्य निम्म्याहून अधिक घसरले. त्याआधी नायरामध्ये ठरलेल्या अनुदानातून परदेशी पुस्तके किंवा संगणकप्रणाली घेणे किती अवघड झाले असेल, हे सांगायला नको. ‘आधी खर्च करा, मग पावत्या पाठवा’ ही पद्धत तर बंदच करावी. ज्याच्या हाती शिल्लक नाही, त्याच्याकडून बिनव्याजी उसने घेण्याचाच हा प्रकार आहे. शिवाय नैरोबीच्या मटाटूत, म्हणजे तेथील खासगी छोट्या बसमध्ये, छापील पावती मागण्यात फारसा अर्थ नसतो. एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने पैसे दिल्याचा मोबाइलवरील संदेश हिशेबाला पुरेसा मानावा.

मार्गदर्शनात सर्वाधिक वेळ आकडेवारीच्या जातकुळीवर द्यावा. उपसहारा आफ्रिकेतील बहुतेक कौटुंबिक पाहण्या उत्पन्न नव्हे, तर उपभोगखर्च मोजतात. श्रीमंत कुटुंब कमाईचा मोठा भाग खर्च न करता साठवते, त्यामुळे खर्चावर आधारलेला गिनी गुणांक (विषमतेचे माप: ० म्हणजे पूर्ण समानता, १ म्हणजे कमाल विषमता) उत्पन्नावर आधारलेल्या गुणांकापेक्षा सहसा कमी येतो. राष्ट्रीय नमुना पाहणीवर काम केलेल्या आपल्याकडील अभ्यासकांना ही अडचण चांगली परिचित आहे, आणि येथे त्यांचा सल्ला खरोखर कामाचा आहे. समजा, एखाद्या कच्च्या मसुद्यात घानाचा खर्चाधारित गुणांक ब्राझीलच्या उत्पन्नाधारित गुणांकाशेजारी मांडून ‘घानामध्ये विषमता कमी आहे’ असा निष्कर्ष काढला असेल, तर समासात केवळ ‘तुलना अयोग्य’ असे लिहून मोकळे होऊ नये. कोणते दोन स्तंभ वेगळे करायचे, दोन्ही देशांसाठी एकच मापन कोठे सापडेल आणि न सापडल्यास विधान किती मर्यादित करायचे, हे त्याच ओळीशेजारी लिहावे. दक्षिण आफ्रिकेवर काम करणाऱ्यास २००८ ते २०१७ या काळात त्याच व्यक्तींकडे पुनःपुन्हा जाऊन केलेली ‘निड्स’ ही उत्पन्न व राहणीमानाची राष्ट्रीय पाहणी सुचवावी. केप टाउन विद्यापीठाच्या ‘डेटाफर्स्ट’ संग्रहातून ती मिळते. २०१४ च्या आकडेवारीनुसार ०.६३ एवढा गुणांक असलेल्या त्या देशात कोण वर चढले आणि कोण तिथेच राहिले, हे एकाच वेळच्या पाहणीतून कळत नाही.

प्रकाशनाची बाजू थोडक्यात सांगता येईल. अनेक नियतकालिके लेखशुल्कातील, म्हणजे लेख छापण्यासाठी लेखकाकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेतील, सवलत देशाच्या उत्पन्नगटावरून ठरवतात. मलावीच्या लेखकाला पूर्ण माफी मिळते तेथे नायजेरियाच्या लेखकाला बहुधा अर्धीच, आणि दक्षिण आफ्रिकेच्या लेखकाला अनेकदा काहीच नाही. उरलेली रक्कम कोण भरणार, हे लेख पाठवण्यापूर्वीच ठरलेले असावे. लेखकनामांचा क्रमही पाहणी सुरू होण्याआधी लेखी ठरवावा. ज्याने प्रश्न मांडला आणि मसुदा लिहिला, त्याचे नाव पहिले, मग अनुदान कोणाचेही असो. पुण्यात येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शकांनाही हा नियम तितकाच लागू आहे.

चर्चासत्र युरोपात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण व्हिसा नाकारला गेल्यास अभ्यासकाचे शुल्कही बुडते आणि संधीही. सर्व आफ्रिकी नागरिकांना व्हिसा माफ करणाऱ्या रवांडातील किगालीत ते भरवावे. सेनेगल किंवा मोझांबिकमधून येणाऱ्यांना फ्रेंच अथवा पोर्तुगीजमध्ये मसुदा मांडण्याची मुभा द्यावी, आणि दुभाष्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.